‘बुडीत’ नावाची कॅसेट

घोडेगावातलं आमचं घर आणि आप्पांची पिठाची गिरणी यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि गिरणी चालू असली की ती भिंत थरथरायची. फडताळातल्या कपबशा दिवसभर बारीक किणकिणत राहायच्या. गिरणीच्या पट्ट्याचा सांधा जाड होता, तो चाकावरून गेला की ‘थप्’ असा आवाज यायचा, आणि त्या आवाजावर आई भाकरी थापायची. हे तिला स्वतःला कधी कळलं नाही. लाइट गेली की गिरणी एकदम थांबायची आणि आई परातीवर हात अधांतरी धरून क्षणभर गोंधळल्यासारखी बसायची. पीठ तर घरात सगळीकडे. आप्पांच्या भुवयांत, देवाच्या तसबिरींवर, माझ्या वह्यांच्या पानांत. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, सुमन, तुझ्या वहीला बाजरीचा वास येतो. मला त्याची लाज वाटायची. आता केसांना मेंदी लावून लावून कंटाळलेल्या वयात कुठल्याही गिरणीपुढून जाताना पाय आपोआप मंद होतात.

माझा थोरला भाऊ विलास पुण्याला आयटीआयला गेला आणि येताना मोटार वाइंडिंगच्या सर्टिफिकेटबरोबर एक वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. आप्पांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, तारा मोजल्या आणि विचारलं, “हिला पोट का न्हाई?” मंचरच्या लग्नातल्या बँडवाल्यांचा रफीक दादाचा मित्र होता. तो घरच्या वराती सोडून आमच्याकडे ड्रम वाजवायला यायचा. आणि मी शाळेत पेटी शिकले होते म्हणून कॅसिओ माझ्याकडे आला. मुलीनं असल्या टोळक्यात वाजवावं का, यावर आळीत बरंच बोलणं झालं; पण तालीम आमच्याच गिरणीत, आई भिंतीपलीकडे, मग बोलणाऱ्यांना फार पुढे जाता येईना. दुपारी दोन ते चार आप्पा आडवे व्हायचे, गिरणी बंद असायची, आणि आम्ही त्या दोन तासांत छप्पर उचलायचो. रफीकनं ड्रमवर पहिली काठी मारली की पिठाचा पांढरा धूर उठायचा. तालमीनंतर आम्ही तिघंही म्हातारे दिसायचो. बँडचं नाव दादानं ठेवलं, कातळ.

आमची पहिली कॅसेट सरळसोट रॉकची होती. मराठी शब्द, मोठा आवाज, सगळा राग. राग कशाचा ते आम्हाला नीटसं सांगता आलं नसतं, पण पुण्याच्या हॉस्टेलांतल्या मुलांना तो आवडला. एका छोट्या कंपनीनं ती काढली आणि दुसरीही मागितली. त्या दुसऱ्या कॅसेटची ही गोष्ट आहे, आणि ती ठकूमावशीशिवाय सांगता येत नाही.

ठकूमावशी पार पश्चिमेकडच्या डोंगरातली. पंधरा दिवसांनी एकदा एसटीनं घोडेगावात उतरायची, डोक्यावर तांदळाचं गाठोडं, कधी हिरडा, उन्हाळ्यात पळसाच्या पानांत करवंदं. नाचणी दळून घ्यायची आणि परतीची गाडी चारची असल्यामुळे तोवर आमच्या मागच्या पडवीत बसायची. आई तिला जेवायला वाढायची. बेसनाची मासवडी केली असेल तर रश्शाची वाटी हमखास मावशीकडे जायची. ती खाऊन म्हणायची, “वयनी, नावालाच मास, पर मासाच्या तोंडात मारतंय.” आणि मग तांदूळ निवडता निवडता ती गायची. कुणासाठी नाही, हात चालू आहे म्हणून तोंड चालू. आवाज पातळ, थोडा नाकातला, पण वरच्या सुराला गेला की अंगावर काटा यायचा. एकदा तालीम थांबवून दादा दारात उभा राहिला. ती म्हणत होती,

पाणी चढलं चढलं, आलं उंबऱ्याच्या वर,
मासोळीनं मांडियेलं माझ्या माहेरात घर.

डोंगराच्या पायथ्याशी धरण झालं तेव्हा बरीच गावं पाण्याखाली गेली. मावशीचं माहेर त्यातलंच, एवढं आम्हाला ठाऊक होतं. दादानं टेपरेकॉर्डर आणला. “मावशी, हे आमच्या बाज्यावर वाजवलं तर चालंल का?” मावशी पदर तोंडाला लावून हसली. “वाजवा की. टेप निघंल व्हय ह्याची? लांब लांब जाईल?” दादा म्हणाला, पुण्या-मुंबईपर्यंत जाईल. तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, पाणी प्यायली आणि चार ओव्या ताठ बसून म्हटल्या. निवडताना म्हणायची तशा नाही, समोर कुणीतरी बसलंय अशा. चौथी ओवी येसू नावाच्या कुणा बहिणीला होती. मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

त्या एका गाण्यानं कॅसेट बदलून गेली. दादाच्या डोक्यात आलं की सगळंच असं करायचं. रफीकनं वडिलांच्या बँडातलं क्लॅरिनेट आणलं, संबळाचा ताल ड्रमवर बसवला, एका गाण्यात भजनाची चाल घेतली. कॅसेटचं नाव ‘बुडीत’. पुण्याच्या स्टुडिओत आम्हाला दोनच दिवस होते. दुसऱ्या दिवशी मावशीचं टेप केलेलं गाणं आमच्या वाद्यांत मिसळताना लक्षात आलं की बाजू भरत आलीय, टेपवर जागा उरत नाही. दादानं या गाण्यासाठी गिटारचा एक लांब तुकडा रचला होता, महिनाभर बोटं सोलून. त्याचं तोंड पडलं. तेव्हा मी म्हणाले, “चौथी ओवी काढू या. ते येसू वगैरे त्यांच्या घरातलं आहे, ऐकणाऱ्याला काय कळणार?” हे मी म्हणाले. दादा नाही, रफीक नाही. ओवी जिथे होती तिथे गिटार आली. कव्हरवरचा मजकूरही मीच लिहिला आणि त्या गाण्यापुढे ‘पारंपरिक’ असं टाकलं. तसंच लिहितात, असं मला वाटत होतं.

‘बुडीत’ बाहेर आली आणि आमचे जुने चाहते आधी बिथरले. एका इंजिनिअरिंगच्या मुलानं कॅसेटमधली सगळी टेप बाहेर ओढून, तिची गुंडाळी करून पाकिटातून परत पाठवली. सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. आमच्या पहिल्या कॅसेटला डोक्यावर घेणाऱ्या पुण्यातल्या एका परीक्षकानं वर्तमानपत्रात लिहिलं की कातळ आता भुसभुशीत झाला आहे, यांनी गिटारला नऊवारी नेसवली. दादा तो कागद खिशात घेऊन आठवडाभर हिंडला. दुसरीकडे एका मासिकात लोकगीतांच्या एका अभ्यासकांनी आम्हाला वेगळ्याच बाजूनं धुतलं. एवढी कोवळी ओवी या पोरांनी गोंगाटात पुरली, असा त्यांचा सूर होता. मात्र त्या आवाजाचं त्यांनी भरभरून कौतुक केलं. हा शतकांचा निनावी स्वर आहे, याला कर्ता नाही, असं काहीतरी. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी ते कापून गिरणीच्या भिंतीला चिकटवलं.

आणि मग आमच्या हातात काही न राहता कॅसेट इकडे चालायला लागली. मंचरच्या स्टँडबाहेरच्या टपरीवर ती दिवसभर लागायची. आळेफाट्याच्या हॉटेलांत ट्रकवाले चहा पिता पिता मान हलवायचे. प्रवासी कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपवाल्यांनी तर ती उचलूनच धरली. कॉलेजातल्या मुली ओव्या पाठ म्हणायच्या आणि मुलं त्या गाण्यातली गिटार तोंडानं वाजवायची, ट्यँऽव ट्यँऽव करत, डोळे मिटून. गिटार सुरू झाली की सगळे थांबायचे. भजनी मंडळातले एक वयस्कर नाना गिरणीत येऊन आप्पांना म्हणाले, “गानं लई ब्येस हाय. पर मधी ते डुकार कापल्यावानी काय वरडतंय?” दादा आतून ऐकत होता, पण त्याला आता कशाचं काही वाटत नव्हतं. तोंडानं वाजणारी आपली गिटार ऐकणं हे सुख काय असतं, ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलंय. अलीकडे कुणीतरी ते गाणं इंटरनेटवर चढवलं आहे. खाली अजून लोक त्या गिटारबद्दलच लिहितात, आणि नावापुढे अजून माझाच शब्द आहे, पारंपरिक.

ठकूमावशी त्या काळात आली नव्हती. भाताच्या कामात होती. आली ती एका दुपारी, एसटी चुकल्यामुळे जीपनं. गाठोडं खाली न ठेवताच ती तालमीच्या दारात उभी राहिली. जीपमध्ये ड्रायव्हरनं गाणं लावलं होतं आणि शेजारची बाई म्हणाली होती, मावशे, हा तर तुझा आवाज. मला वाटलं, मावशी खूश होऊन आली. मी पुढे होऊन गाठोडं घेतलं.

“लावा बरं ती टेप,” ती म्हणाली.

दादानं लावली. ती उंबऱ्यावर बसून ऐकत राहिली, मान खाली. तीन ओव्या झाल्या. गिटार सुरू झाली, वर चढली, फिरली, उतरली. गाणं संपलं. तिनं मान वर केली.

“आन येसू कुठं गेली?”

दादानं टेप बंद केली. मग मी म्हणाले, “मावशी, गाणं लांब व्हायला लागलं, म्हणून...”

“लांब? चार तर ओव्या. ह्या बाज्याला जागा व्हती, येसूला न्हवती व्हय?”

रफीकनं काठ्या खाली ठेवल्या. मावशीनं कॅसेटचं कव्हर हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. “ह्यात माजं काय लिवलंय?”

मला वाचून दाखवावं लागलं. पारंपरिक.

“म्हंजी कोन?”

“म्हणजे... जुनं. कुणी रचलं ते माहीत नाही असं.”

“म्या रचलं,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “भात लावताना रचलं. तुमाला म्हाईत न्हवतं, तर इचारायचं व्हतं. म्या हितंच तर बसत व्हते.”

मग तिनं सांगितलं. येसू तिची पाठची बहीण. तिला गावातल्या गावातच दिलेली, तेव्हा माहेर आणि सासर एकच. धरणाचं पाणी येणार म्हटल्यावर येसूच्या घरच्यांनी मंचरच्या पूर्वेला, कालव्याखाली, नवी जमीन घेतली आणि निघायचं ठरवलं. ठकूमावशीचं सासर वर डोंगरात, ते पाण्याबाहेर राहिलं. ती खाली आली आणि सगळ्यांसमोर बहिणीला म्हणाली, म्हायेर पाण्यात सोडून चाललीस, मला पुन्ना तोंड दाखवू नको. येसूचा ट्रक निघाला त्या दिवशी ती निरोपाला उतरली नाही. वरून, बांधावरून, ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. त्याला पाच वर्षं झाली होती. दोघींपैकी कुणीच गेलं नाही, आलं नाही.

“ती ओवी तिच्यासाठनं व्हती. म्या म्हनलं, टेप गावोगाव जाती. कदी तरी तिच्या कानावर पडंल. न्हाईतर मला काय करायची व्हती टेप?” एवढं बोलून ती उठली. जेवली नाही. आईनं हात धरला तरी थांबली नाही. नाचणी न दळताच स्टँडकडे गेली.

आप्पा भिंतीपलीकडे जागे होते. ते आत आले आणि पट्ट्याला टेकून उभे राहिले. दादा आधीच चिडला होता. स्वतःवर चिडला की तो दुसऱ्यावर ओरडायचा. “आप्पा, लोकांना आवडतोय तो गिटारचाच भाग! तो काढला तर गाण्यात राहतंय काय?”

“मला गाण्यातलं कळत न्हाई,” आप्पा म्हणाले. “पर मी आयुष्यभर दळतोय. एकीचं पीठ दुसरीच्या डब्यात कदी घातलं न्हाई. आन डबा कुनाचा ते कळंना, तर इचारून घेतलं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सुमे, तू शिकलेली ना गं?”

मला आयुष्यात पुष्कळ बोलणी बसली, त्यांतली बरीच विसरले. हे विसरता आलं नाही. मी भिंतीवरचं ते कात्रण काढून टाकलं. कंपनीला पत्र लिहिलं की पुढच्या वेळी नाव घाला आणि ओवी घाला. त्यांचं उत्तर आलं की पुन्हा छापायचा विचार नाही. दादानं तीन दिवस गिटारला हात लावला नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि मला म्हणाला, “चल. डोंगरात जाऊ.”

मावशी आम्हाला बघून आश्चर्यानं उभी राहिली, पण पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. दादानं फक्त एवढंच म्हटलं, “मावशी, चारही ओव्या म्हणा. बाजा नाही, काही नाही. आम्ही टेप येसूमावशीकडे नेऊन देतो.” तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग चारही ओव्या म्हटल्या, आणि चौथी मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकली.

येसू पाठची बहीण, गेली खाली कालव्याला,
नको धरू मनी बाई, माझ्या तोडल्या बोलाला.

टेप बंद केल्यावर ती म्हणाली, “तुमी ऱ्हाऊ द्या. म्याच येते संगं.” आणि खुंटीवरचं लुगडं काढलं.

घोडेगाव, मग मंचर, मग कांद्याच्या पिशव्यांवर बसून पूर्वेकडे एक जीप. सगळ्या वाटेत ती एकदाच बोलली, “हितं डोंगर कसा न्हाई गं?” येसूमावशीचं घर वसाहतीतल्या एका रांगेत होतं, वर सिमेंटचे पत्रे, दारात शेवगा. ती दारातच कांदा निवडत होती. मोठ्या बहिणीसारखंच नाक, तसाच ताठ कणा. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं आणि उठून आत गेली. आम्ही उन्हात उभे. दादानं माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात तिची सून बाहेर आली, “या पावनं, बसा,” म्हणून आम्हाला आत नेलं. चहा झाला. दोघी बहिणी समोरासमोर भिंतींना टेकून बसल्या होत्या आणि आपापल्या बशीत बघत होत्या. शेवटी मीच पिशवीतून नवी कॅसेट काढली आणि म्हणाले, “मावशी, यांनी तुमच्यासाठी एक गाणं म्हटलंय. ते ऐकवायला आलोय.”

येसूमावशीनं कॅसेटकडे पाहिलं. “ती नको,” ती म्हणाली.

ठकूमावशीनं डोळे मिटले.

“आमच्याकडं हाय.” येसूमावशी उठली, देवळीतून कॅसेट काढली आणि आमच्यापुढे ठेवली. ‘बुडीत’. कव्हर तेलकट झालं होतं, कडा मऊ पडल्या होत्या. “नातवानं बाजारातून आनली. पयल्या ओळीलाच वळखला म्या आवाज. रोज लावते.” सुनेनं मान हलवली, “रोज दुपारी. शेजारच्या बायाबी येतात.”

तिनं टेप लावली. मला उठून जावंसं वाटत होतं. त्या खोलीत तीन ओव्या झाल्या, पाणी उंबऱ्यावर चढलं, मासोळीनं घर मांडलं, आणि मग आम्ही जिथे कापलं होतं तिथे गिटार सुरू झाली. दादानं खाली बघितलं. तेव्हा येसूमावशी, भिंतीकडे तोंड करून, गिटारच्या वर चढणाऱ्या आवाजावर आपला आवाज ठेवून गायला लागली. सवयीनं, न चुकता, जणू ती जागा तिच्यासाठीच मोकळी ठेवली होती.

थोरली गं ठकूबाई, बोल बोल किती बोल,
पाणी माहेरावरचं तुझ्या रागाहून खोल.

गिटार उतरली तिथेच तीही थांबली. नंतर नुसती टेप खरखरत राहिली. येसूमावशी अजून भिंतीकडेच बघत होती. म्हणाली, “तू मला काय म्हनली आसशील ते त्यात न्हवतं. मग म्याच तिथं बोलत गेले.”

ठकूमावशी उठली नाही. बसल्या बसल्याच सरकत, हातानं जमीन रेटत, बहिणीपर्यंत गेली आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसली, लहान मुली बसतात तशी. दोघींचे चेहरे आम्हाला दिसत नव्हते. ठकूमावशी म्हणाली, “येसे, पुन्ना लाव.”

येसूमावशीचा हात टेपपर्यंत पोचेना. दादा पुढे झाला. त्यानं डोळे पुसले नाहीत, बटण दाबून टेप मागे फिरवली, आणि तीन ओव्या सोडून अगदी गिटारच्या तोंडाशी आणून थांबवली.